मॅमोग्राफीच्या रिपोर्टातलं ‘सी’ म्हणजे नक्की काय?

उपवनकाठ | मंगळवार, रात्री ११:४०

वय ४६. तक्रार काहीच नव्हती. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत चाळिशीपुढच्या बायकांना मॅमोग्राफी होती, म्हणून गेल्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा करून घेतली. आज संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभ्या उभ्या पाकीट फोडलं आणि दोनच गोष्टी डोळ्यांत घुसल्या: ‘टाइप सी’ आणि ‘बायरॅड्स २’. सी म्हणजे कॅन्सर आणि दोन म्हणजे दुसरी स्टेज, असा अर्थ मी स्वतःच लावून मोकळी झाले. घरी न जाता उपवनला उतरले आणि तलावाकाठी पाऊण तास नुसती बसून राहिले. मुलाची बारावी आहे, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

नवऱ्याने रिपोर्ट शांतपणे वाचला आणि फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, नॉर्मल आहे, वर्षाने परत करा. जीव भांड्यात पडला. पण रात्री सगळं आवरल्यावर रिपोर्ट पुन्हा हातात घेतला तर तळाला एक ओळ होती: ऊती दाट असल्याने लहान गाठ झाकली जाऊ शकते, सोनोग्राफीशी ताडून पाहावे. नॉर्मल आहे तर ही ओळ कशाला? आणि मग ते सी अक्षर कशाचं?

आमच्या घरात कुणाला हा आजार नाही. म्हणजे आत्याला झाला होता, पन्नाशीच्या आत, पण ती वडिलांकडची, त्यामुळे ती मोजत नाहीत ना? कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा. आज झोप लागेल असं वाटत नाही.

नौपाड्याची | मंगळवार, रात्री ११:५८

अगं, आधी पाणी पी. माझ्याही रिपोर्टात ‘बी’ होतं आणि मी त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नाही. आकडा १ असला की संपलं, असं आम्हाला सांगितलं होतं. इथे नेरुळच्या एक डॉक्टर येतात, त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) टाकलाय. त्या उत्तर देतील.

क्षकिरण_नेरुळ | बुधवार, सकाळी ६:१५

उपवनकाठ ताई, तुम्हाला कॅन्सर झालाय असं या रिपोर्टात कुठेही म्हटलेलं नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे, अठरा वर्षं रोज याच फिल्म बघते. पण तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी ज्या ओळीवरून हात फिरवला, ती ओळ महत्त्वाची आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही दोन वेगळ्या मोजपट्ट्या एकत्र वाचल्यात. बायरॅड्सचा आकडा सांगतो की आम्हाला फिल्ममध्ये काय दिसलं. १ म्हणजे काहीच नाही. २ म्हणजे काहीतरी दिसलं पण ते निरुपद्रवी, उदाहरणार्थ जुना कॅल्शियमचा कण. ३ असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, ४ आणि ५ ला बायोप्सी, म्हणजे सुईने बारीक तुकडा काढून तपासणं, ६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला. शून्य आला तर घाबरून जातात लोक, पण त्याचा अर्थ एवढाच की आमचं बघणं अपुरं राहिलं, आणखी चित्रं हवीत. यातला कुठलाही आकडा स्टेजचा नाही.

ए, बी, सी, डी ही अक्षरं मात्र आजाराबद्दल बोलतच नाहीत. ती सांगतात की तुमचा स्तन आतून कसा घडलेला आहे. आत दुधाच्या ग्रंथी असतात, नळ्या असतात, त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात आणि उरलेल्या जागेत चरबी. एक्स-रेमध्ये चरबी काळपट दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे. जवळपास सगळी चरबी असेल तर ए, थोडा पांढरा भाग विखुरलेला असेल तर बी, पांढरा भाग बराच आणि पसरलेला असेल तर सी, आणि जवळजवळ सगळंच पांढरं असेल तर डी. अमेरिकेतल्या तपासण्यांचा हिशेब पाहिला तर दहा बायकांत साधारण एक ए, चार बी, चार सी आणि एक डी. म्हणजे निम्म्या बायका ‘दाट’ गटात बसतात. इतक्या बायकांमध्ये जे असतं त्याला मी रोग म्हणणार नाही.

आता ती तळाची ओळ. कॅन्सरची गाठही एक्स-रेमध्ये पांढरीच दिसते. मसुरीत पांढरा खडा असेल तर ताटात पसरल्याबरोबर दिसतो. तोच खडा तांदळात असेल तर कितीही निवडा, तो दाताखाली आल्यावरच कळतो. ए प्रकारचा स्तन म्हणजे मसूर, डी म्हणजे तांदूळ. तुमच्या फिल्ममध्ये मला बराचसा तांदूळ दिसेल. खडा नाहीच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, ‘दिसला नाही’ एवढंच सांगू शकते. तुमचा रिपोर्ट लिहिणाऱ्याने ते प्रामाणिकपणे लिहिलं, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. कित्येक ठिकाणी ते अक्षर टंकलेलं असतं आणि पुढे एक शब्द नसतो.

दुसरी बाजू अशी की दाटपणा नुसता गाठ झाकत नाही, तो स्वतंत्रपणेही धोका थोडा वाढवतो. डेट्रॉइटमधल्या जॉन वूल्फ नावाच्या रेडिओलॉजिस्टने १९७६ मध्ये हे पहिल्यांदा ठासून मांडलं. तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. ज्या ग्रंथी आणि तंतूंच्या भागात हे आजार सुरू होतात तोच भाग जास्त असेल तर शक्यताही वाढते, असा साधारण तर्क आहे. आकड्यांचं कुणी नीट समजावून सांगितलं तर बरं, मी ओपीडीला निघते आहे.

आणि आत्या मोजतात! वडिलांकडचं रक्त तुमच्यात निम्मं आहे. स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. पन्नाशीच्या आत आत्याला झाला होता, हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. दोन्ही बाजूंची सोनोग्राफी, काखेसकट, या महिन्यातच करून घ्या. घाबरून नव्हे. त्या ओळीत ते मागितलेलं आहे म्हणून.

उपवनकाठ | बुधवार, सकाळी ७:०५

डॉक्टर, काय बोलू कळत नाही. तांदळाचं उदाहरण सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनाही लगेच समजलं. आत्याचं मी ऑफिसच्या फॉर्ममध्ये लिहिलंच नव्हतं. ‘आईकडे कुणाला’ एवढंच डोक्यात होतं.

एक विचारू का? माझे स्तन हाताला घट्ट वगैरे कधी वाटले नाहीत. मग ‘दाट’ कसे?

क्षकिरण_नेरुळ | बुधवार, दुपारी २:२०

हाताला लागणारा घट्टपणा आणि फिल्मवरचा दाटपणा यांचा संबंध नाही. आकाराशीही नाही. मलाही हाताने कळत नाही, सर्जनलाही नाही. ते फक्त एक्स-रेत दिसतं. म्हणूनच ज्यांनी मॅमोग्राफी केलेली नाही त्यांना आपलं अक्षर कळायचा मार्ग नाही.

काचेआड | बुधवार, दुपारी ३:४५

मी मॅमोग्राफी टेक्निशियन आहे, काचेच्या आड उभं राहून बटण दाबणारी. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण रोज बायका त्यापायी अर्ध्यात उठून जातात.

पहिली, दाबण्याबद्दल. आम्ही प्लेटमध्ये दाबतो ते तुम्हाला दुखावण्यासाठी नाही. ऊती एकावर एक चढलेल्या असतील तर दाट भाग आणखी दाट दिसतो. दाबून पसरवल्या की थर वेगळे होतात, चित्र स्पष्ट येतं आणि किरणही कमी लागतात. दाट ऊती असणाऱ्यांना हे दाबणं जास्तच गरजेचं, आणि नेमकं त्यांनाच जास्त दुखतं, हे मला माहिती आहे. पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात या, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात. मला ‘थांबा’ म्हणायला संकोच करू नका, मी थांबते.

दुसरी, त्या दिवशी काखेत डिओडरंट, पावडर काही लावू नका. त्यातले कण फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि कॅल्शियमच्या कणांसारखे दिसतात. नाहक पुन्हा बोलवावं लागतं. आणि जुन्या फिल्म असतील तर त्या घेऊन या. नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी. दाट स्तनात नवीन काय आणि जुनं काय हे ठरवायला मागचं चित्र हाच आधार असतो. बायका पाच पाच वर्षांच्या वीजबिलांची फाइल ठेवतात आणि मॅमोग्राफीच्या फिल्म रद्दीत जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोपरीकर | बुधवार, रात्री ९:१०

बायकोच्या वतीने विचारतो. ती ४२ ची आहे. दरवर्षी छातीवर एक्स-रे मारून घेतल्यानेच कॅन्सर होईल अशी तिला भीती आहे. दाट असेल तर जास्त किरण लागतात का? मग सरळ सोनोग्राफीच का करू नये, त्यात किरणच नसतात?

काचेआड | बुधवार, रात्री ९:४०

साध्या मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्या अंगावर जेवढे किरण आपोआप येतात, त्यांचा जवळपास सात आठवड्यांचा वाटा. दाट असेल तर थोडा जास्त लागतो, पण काळजी करण्याइतका नाही. सोनोग्राफीने मॅमोग्राफीची जागा भरत नाही. अगदी सुरुवातीचा कॅन्सर कधी कधी गाठ न होता बारीक कॅल्शियमच्या कणांच्या रूपात दिसतो. ते कण मॅमोग्राफीत दाट ऊतीतही दिसू शकतात, सोनोग्राफीत बहुधा निसटतात. त्यामुळे एकीवर दुसरी जोडायची, एकीऐवजी दुसरी नाही.

घोडबंदर_सदतीस | गुरुवार, सकाळी ८:३०

मी संख्याशास्त्र शिकवतो. डॉक्टरांनी आकड्यांचं विचारलं होतं म्हणून लिहितो, कारण या विषयातला ‘चार ते पाच पट धोका’ हा आकडा फार चुकीच्या रीतीने फिरतो.

तो आकडा खोटा नाही. कॅनडातल्या नॉर्मन बॉइड यांच्या गटाने २००७ मध्ये जो अभ्यास छापला, त्यात ज्यांचा ७५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग दाट होता त्यांचा धोका, १० टक्क्यांहून कमी दाट असणाऱ्यांच्या ४.७ पट निघाला. पण इथे दोन टोकं समोरासमोर ठेवली आहेत. बहुतेक बायका दोन्ही टोकांवर नसतात. सरासरी स्त्रीशी तुलना केली तर डी वाल्यांचा धोका साधारण दुप्पट आणि सी वाल्यांचा साधारण १.२ पट येतो.

आता हे माणसांत मोजून बघा. समजा, फक्त हिशेबासाठी, एका वयाच्या सरासरी १००० बायकांपैकी १५ जणींना पुढच्या दहा वर्षांत हा आजार होणार आहे. त्याच वयाच्या सी प्रकारच्या १००० बायका घेतल्या तर १८ जणींना होईल. ९८२ जणींना होणार नाही. डी असेल तर ३०. उपवनकाठ ताई, तुमची भीती मंगळवारी रात्री १००० पैकी १००० होती. ती १८ वर आणून ठेवा, आणि आत्यांमुळे त्यात थोडी भर घाला. शून्य मात्र करू नका.

त्याच अभ्यासात एक दुसरा आकडा आहे, तो मला जास्त बोलका वाटतो. मॅमोग्राफी स्वच्छ आल्यावर पुढच्या बारा महिन्यांच्या आत जे कॅन्सर सापडले, त्यांच्यापुरता हिशेब केला तर दाट टोकावरच्या बायकांचा आकडा दुसऱ्या टोकावरच्यांच्या १७.८ पट निघतो. हा नुसता धोका नव्हे, यात तांदळात लपलेले खडे आहेत. ‘रिपोर्ट स्वच्छ आला, आता वर्षभर निवांत’ हे वाक्य दाट स्तनाच्या बाबतीत किती जपून म्हणायला हवं, ते यावरून कळतं.

एडिसनहून | गुरुवार, दुपारी १२:१५

मूळची ठाण्याचीच, चरईतली. इथे अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक मॅमोग्राफीनंतर बाईला स्वतःला लेखी कळवावं लागतं की तुझ्या ऊती दाट आहेत की नाहीत. फक्त डॉक्टरला नव्हे, तिलाही. मला पहिल्यांदा ते पत्र आलं तेव्हा मीही गूगल करत रात्र काढली होती.

हे सहज घडलेलं नाही. कनेक्टिकटच्या नॅन्सी कपेलो नावाच्या बाई दरवर्षी न चुकता मॅमोग्राफी करायच्या. फिल्म नॉर्मल आल्यावर काही आठवड्यांतच, २००४ मध्ये, त्यांचा कॅन्सर सापडला, तोही लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेला. आपल्या ऊती दाट आहेत हे त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या विधिमंडळाच्या मागे लागल्या आणि २००९ मध्ये कनेक्टिकटने असं कळवणं सक्तीचं करणारा कायदा केला. मग एकेक राज्य करत गेलं. कपेलो २०१८ मध्ये गेल्या, देशभराचा नियम त्यांना पाहता आला नाही. आपल्याकडे ते अक्षर रिपोर्टात छापलेलं असतं, पण बाईला बसवून ते कुणी वाचून दाखवत नाही. माझ्या आईचा ठाण्यातला रिपोर्ट मीच फोनवर वाचला. कुणीतरी तिला ते आधी सांगायला हवं होतं.

गोखलेरोडवाली | गुरुवार, दुपारी ४:००

दाटपणा कमी करण्यासाठी काही आहार आहे का? कुणीतरी एरंडेलाचं मालिश सांगितलंय. आणि मला पाळी जाताना त्रास झाला म्हणून हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या आहेत, त्याचा काही संबंध?

क्षकिरण_नेरुळ | गुरुवार, रात्री १०:०५

मालिशने आतली घडण बदलत नाही. दाटपणाचा मोठा हिस्सा आपण जन्मतःच घेऊन येतो. जुळ्या बहिणींवरच्या अभ्यासात, २००२ साली, वयाच्या मानाने दिसणाऱ्या फरकाचा साधारण साठ टक्के भाग आनुवंशिक निघाला होता. वय वाढतं आणि पाळी जाते तसा तो आपोआप कमी होतो. मुलं झालेल्या बायकांत कमी असतो, अंगावर पाजत असताना तात्पुरता वाढतो.

गोळ्यांचा संबंध आहे. इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टेरॉन एकत्र घेणाऱ्यांमध्ये दाटपणा वाढलेला दिसतो. स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण ज्यांनी लिहून दिल्या त्यांना मॅमोग्राफीचा रिपोर्ट दाखवा. उलट टॅमॉक्सिफेन या स्तनांच्या कॅन्सरवरच्या औषधाने तो कमी होतो, पण ते औषध त्यासाठी कुणी सहज देत नाही, त्याची स्वतःची दुखणी आहेत.

वजनाबद्दल एक गोष्ट बजावून सांगते, कारण तिचा उलटा अर्थ काढला जातो. वजन वाढलं की स्तनात चरबी वाढते आणि अक्षर ‘सुधारतं’. पण पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा हाच स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. अक्षरासाठी खाऊ नका.

खाडीपलीकडे | गुरुवार, रात्री ११:५०

हा धागा दोन दिवस वाचते आहे. लिहू की नको असं चाललं होतं.

मी सानपाड्याला राहते, वय ४१. चार महिन्यांपूर्वी मॅमोग्राफी केली. बायरॅड्स १. आत्ता रिपोर्ट काढून पाहिला तर त्यात ‘टाइप डी’ आहे. तेव्हा काउंटरवर मला ‘सगळं क्लिअर आहे’ एवढंच सांगितलं होतं, सोनोग्राफीचा विषय कुणी काढला नाही. दोन महिन्यांपूर्वी आंघोळ करताना डाव्या बाजूला, वर काखेकडे, वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नाही. पाळी आली गेली, ते तसंच आहे. मला वाटलं, रिपोर्ट नुकताच नॉर्मल आलाय, म्हणजे हे दुसरं काहीतरी असणार. सासूबाई म्हणतात धाकट्याच्या वेळची दुधाची गाठ राहिली असेल, आणि सुई टोचून घेऊ नकोस, सुई लागली की पसरतं. धाकटा पाच वर्षांचा आहे.

घोडबंदर यांचा तो १७.८ चा आकडा वाचल्यापासून हात थरथरतोय. मी काय करू?

क्षकिरण_नेरुळ | शुक्रवार, पहाटे ५:३०

ताई, आज. सोमवारी नाही, आज.

मॅमोग्राफी नॉर्मल आली म्हणून हाताला लागणारी गाठ नॉर्मल ठरत नाही. तुमची बोटं आणि माझं यंत्र यांच्यात मतभेद झाला तर बोटांचं आधी ऐकायचं, हे आम्हाला शिकत असताना पहिल्या महिन्यात सांगतात. स्तनांच्या आजारांचा सर्जन गाठा, दोन्ही बाजूंची आणि काखेची सोनोग्राफी करा, आणि त्यांनी सांगितलं तर जाड सुईची बायोप्सी. हाताने तपासणी, चित्र आणि सुई, तिन्ही जुळल्यावरच निकाल लावायचा. तुमच्या वयाच्या बायकांतल्या बहुतेक गाठी साध्या असतात, फायब्रोअ‍ॅडिनोमा किंवा पाण्याची पिशवी. पण हे मी गाठ न बघता म्हणू नये आणि तुम्हीही म्हणू नये.

सासूबाईंना माझा निरोप द्या. बायोप्सीच्या सुईने कॅन्सर अंगभर पसरत नाही. तो पसरतो अंगावर काढल्याने. वाटलं तर मी त्यांच्याशी फोनवर बोलते, व्यनि करा.

नौपाड्याची | शुक्रवार, सकाळी ७:१०

खाडीपलीकडे, तुला व्यनि केलाय, माझा नंबर आहे त्यात. एकटी जाऊ नकोस. माझी गाडी आहे आणि आज रजा टाकते.

आशाताई_कळवा | शुक्रवार, सकाळी ११:२५

मी वस्तीत आरोग्याचं काम केलंय. इथे मॅमोग्राफी, सोनोग्राफी वाचून ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्या बायकांना वाटेल की आपलं काही खरं नाही. त्यांच्यासाठी लिहिते. टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून वीस वर्षं एक मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका होत्या. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासत. २०२१ मध्ये निकाल छापला. पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं. पण हाताला ऊती दाट की विरळ याने फार अडत नाही, गाठ ती गाठच लागते. सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या बायकांची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची असते. आपल्या वस्तीतल्या आशा सेविकेला विचारा, लाजू नका.

कोपरीकर | शुक्रवार, दुपारी १:००

डॉक्टर, मग डी वाल्यांनी सरसकट एमआरआय का करू नये?

क्षकिरण_नेरुळ | शनिवार, दुपारी ३:३०

प्रश्न योग्य आहे आणि जगभर त्यावर एकमत नाही. नेदरलँड्समध्ये ५० ते ७५ वयाच्या, अतिशय दाट ऊती असलेल्या चाळीस हजारांवर बायकांवर प्रयोग झाला, २०१९ मध्ये निकाल आला. मॅमोग्राफी नॉर्मल आल्यावर ज्यांना एमआरआयसाठी बोलावलं, त्यांच्यात दोन तपासण्यांच्या मधे उद्भवणारे कॅन्सर हजारी २.५ होते, न बोलावलेल्यांत ५. म्हणजे निम्मे. पण एमआरआय केलेल्या दर हजारात जवळपास ८० जणींना विनाकारण पुढच्या तपासण्यांना सामोरं जावं लागलं. शिवाय शिरेतून इंजेक्शन, अर्धा तास नळीत पालथं पडून राहणं, आणि खर्च. युरोपातल्या स्तन-रेडिओलॉजिस्टांची संघटना अतिशय दाट असलेल्यांना एमआरआय सुचवते, अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये पुरावा अजून अपुरा आहे असं म्हटलं.

आपल्यासाठी मला जपानचा प्रयोग जास्त जवळचा वाटतो. चाळिशीतल्या सुमारे ७३ हजार बायका, अर्ध्यांना मॅमोग्राफी, अर्ध्यांना मॅमोग्राफीसोबत सोनोग्राफी. असलेले कॅन्सर पकडण्याचं प्रमाण ७७ टक्क्यांवरून ९१ वर गेलं. खोट्या घंटाही वाढल्या, पण एमआरआयइतका बोजा नाही. सोनोग्राफी आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, फक्त स्तनांची सोनोग्राफी रोज करणारा माणूस शोधा. पोटाची करता करता मधे दोन मिनिटं फिरवलेली उपयोगाची नाही. ज्यांच्यात जनुकीय दोष आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना एमआरआय हवीच.

उपवनकाठ | पुढचा गुरुवार, रात्री ९:३०

सोनोग्राफी झाली. उजव्या बाजूला दोन पाण्याच्या पिशव्या, साध्या. बाकी काही नाही. त्या बाईंनी वीस मिनिटं घेतली आणि प्रत्येक गोष्ट पडद्यावर दाखवली. आत्याचं सांगितल्यावर त्यांनी जनुक तपासणीसाठी समुपदेशकाकडे पाठवलंय. तिथे सांगितलं की तपासणी आधी आजार झालेल्या व्यक्तीची केली तर जास्त नेमकी माहिती मिळते, म्हणून रविवारी आत्याकडे डोंबिवलीला जाऊन आले. ती आता ७१ ची आहे. तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सगळं सांगितलं: गाठ किती दिवस लपवली, का लपवली. रक्त द्यायला ती तयार आहे. माझ्या दोन आतेबहिणींनी अजून एकदाही मॅमोग्राफी केलेली नाही. त्यांची शनिवारची वेळ घेतली आहे.

खाडीपलीकडे, तुमचं काय झालं? रोज धागा उघडून बघते.

खाडीपलीकडे | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी १२:४०

उशीर झाला, माफ करा. लिहायला बळ गोळा करत होते.

सोनोग्राफीत १७ मिलिमीटरची घट्ट गाठ दिसली. मॅमोग्राफीची तीच फिल्म पुन्हा लावून पाहिली, गाठ नेमकी कुठे आहे हे ठाऊक असूनही तिथे काहीच दिसत नव्हतं. सगळं पांढरं. बायोप्सी झाली. कॅन्सर आहे. हॉर्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हॉर्मोनवर वाढणारा आहे, काखेत सोनोग्राफीत काही दिसत नाही, आणि स्तन न काढता फक्त गाठ काढता येईल असं सर्जन म्हणाले. खारघरला दाखवलंय, पुढच्या सोमवारी ऑपरेशन. सासूबाई बायोप्सीच्या दिवशी माझ्याबरोबर आल्या होत्या. नेरुळच्या डॉक्टरांशी त्या अर्धा तास बोलल्या, मग मला म्हणाल्या, चल, मी बसते बाहेर.

ती फिल्म आणि तो ‘क्लिअर’ म्हणणारा आवाज डोक्यातून जात नाही. कुणावर राग काढावा हेही कळत नाही, फिल्ममध्ये दिसण्यासारखं खरंच काही नव्हतं. फक्त ‘तुमचा डी आहे, सोनोग्राफी करून घ्या’ हे एक वाक्य कुणी म्हणायला हवं होतं. एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपापले रिपोर्ट काढा आणि ते अक्षर शोधा. सापडलं की इथे लिहा.

काचेआड | शनिवार, दुपारी १:१५

माझं बी. आणि सोमवारपासून ज्यांचं सी किंवा डी येईल त्या प्रत्येकीला मी फिल्म देताना तोंडाने सांगणार आहे. आमच्या डॉक्टरांना विचारलंय, ते हो म्हणाले.

गोखलेरोडवाली | शनिवार, दुपारी २:०५

सी. गोळ्यांचंही विचारून आले, डॉक्टरांनी बदलून दिल्या.

कोपरीकर | शनिवार, संध्याकाळी ६:३०

बायकोने काल केली. डी. सोनोग्राफी बुधवारी.

नौपाड्याची | शनिवार, रात्री ८:००

बी.

खाडीपलीकडे, सोमवारी सकाळी सव्वासहाला सानपाडा स्टेशनबाहेर, नेहमीच्या जागी गाडी लावते. सासूबाईंनाही घेऊ. त्यांचा डबा मी आणते, तू त्याची काळजी करू नकोस. फिल्म आणि सीडीची पिशवी मात्र आठवणीने घे.